पुस्तकात नसलेलं वाक्य

टिकल्यांच्या कामाला आवाज नसतो, म्हणून मी वाचक झालो, असं मला अजूनही वाटतं. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या आमच्या चाळीत तेव्हा बायका घरी बसून काही ना काही काम करायच्या. पलीकडच्या गल्लीत खिळ्यांच्या डब्या भरायचं काम चालायचं आणि तिथे कुणी कुणाचं बोलणं ऐकू शकायचं नाही. आमच्या गॅलरीत मात्र टिकल्या होत्या. कागदाच्या पाकिटावर बोटाच्या टोकाने टिकली चिकटवायची, लहान ते मोठी अशी ओळ पुरी करायची, पाकीट बाजूला ठेवायचं. दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी पडली की आई गॅलरीत गोणपाट अंथरायची, शेजारच्या कांबळेमावशी आपला पाट घेऊन यायच्या, पलीकडच्या दोघी-तिघी यायच्या आणि मग कुणीतरी म्हणायचं, "सुन्या, काढ रे तुझं पुस्तक." मी उंबऱ्यावर बसायचो. आतून रॉकेलचा आणि डिंकाचा वास यायचा, खाली नळावर कुणाची तरी कळशी आपटायची आणि मी वाचायला लागायचो.

पुस्तकं स्टेशनजवळच्या सामंतांच्या लायब्ररीतून यायची. लायब्ररी म्हणजे एक गाळा, वर माळा आणि मध्ये स्टुलावर बसलेले सामंत. जुनी पौराणिक, ऐतिहासिक पुस्तकं मागच्या फळीवर असत. त्यांच्याकडे मी बघायचोही नाही. मला नव्या कादंबऱ्या हव्या असत, नुकत्याच आलेल्या, ज्यांची खाकी कव्हरं अजून मळलेली नसत. त्या कादंबऱ्यांमध्ये राजे नव्हते. भाड्याच्या खोल्या होत्या, कचेऱ्या होत्या, न बोलता जेवणारे पुरुष होते आणि सगळं ओळखून गप्प बसणाऱ्या बायका होत्या. आपल्यासारख्या माणसांबद्दल कुणीतरी इतक्या गंभीरपणे लिहितं आणि ते छापलं जातं, याचंच मला तेव्हा नवल वाटायचं. आवडलेली कादंबरी मी परत करायचो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच मागायचो. सामंत चष्म्यावरून बघत म्हणायचे, "पाठ करतोयस काय रे? परीक्षा आहे तिची?" समासात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने शेरे मारलेले असत. 'असेच असते.' 'साफ खोटे.' 'पुरुषजात!' मी ते शेरेही वाचायचो आणि रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघून ठरवायचो की हा 'साफ खोटे'वाला असणार.

ही सवय निष्पाप नव्हती. त्या कादंबऱ्यांनी मला एक गोष्ट शिकवली होती, की माणूस जे बोलत नाही तेच खरं असतं आणि ते नेहमी काहीतरी काळं असतं. कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. मिसरूड फुटलेलं, जगाचा अनुभव शून्य आणि वाचन भरपूर. या तीन गोष्टी एकत्र आल्या की मुलगा शहाणा वाटायला लागतो, निदान स्वतःला.

त्या वर्षी एक कादंबरी आली. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यात तिचा काही दोष नव्हता. पुण्यातल्या पेठेत राहणारा एक गृहस्थ, कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, घरात शिस्त, देवघर, चकचकीत पितळी भांडी. त्याचं गावात दुसरीकडे आणखी एक बिऱ्हाड असतं. बायकोला ते हळूहळू कळत जातं. कुणी येऊन सांगत नाही, तिला ते सदऱ्याच्या घडीवरून, छत्री कुठे विसरली त्यावरून, जेवणातल्या भुकेवरून कळतं. मी ती एका बैठकीत वाचून काढली. मग दुसऱ्यांदा वाचली. मित्रांना तिची पानंच्या पानं सांगितली. आणि मग सामंतांना गळ घालून ती आणखी ठेवून घेतली आणि गॅलरीत वाचायला सुरुवात केली. बायकांना ती इतकी आवडली की पाकिटांची कामं मागे पडू लागली. कांबळेमावशी प्रत्येक प्रकरणाला म्हणायच्या, "आता तरी इचार की त्याला, बाई! सदरा काय हुंगत बसलीयास?" आई टिकल्या चिकटवत राहायची, पण तिचा कान माझ्याकडे आहे हे मला तिच्या बोटांच्या मंदावण्यावरून कळायचं.

आता तिरफळाबद्दल सांगायला हवं. आम्ही कोकणातले. आमच्याकडे बांगड्याच्या कालवणात तिरफळ पडलं नाही तर ते कालवणच नव्हे, अशी समजूत. काळपट, सुकलेलं, मिरीपेक्षा जरा मोठं फळ. त्याला संत्र्याच्या सालीसारखा काहीसा वास येतो आणि खाल्लं की जिभेला मुंग्या येतात. बाबांना मात्र तो वास सहन व्हायचा नाही. लहानपणी कसल्या तरी तापात खाल्लं आणि उलटी झाली, तेव्हापासून नाही. सगळे नातेवाईक त्यांना हसायचे, "सावंत, तू मालवणी कसलो रे?" म्हणून आमच्या घरात तिरफळ येतच नसे. मी ते लग्नाकार्यातच खाल्लेलं.

बाबा एके काळी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कांजूरमार्गला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. खाकी शर्ट, शिट्टी आणि तीन कप्प्यांचा डबा. डिंकाने आईची बोटं चिरलेली असत, त्यामुळे संध्याकाळी बाबांचा डबा घासणं माझ्याकडे होतं. फक्त बुधवारी नाही. बुधवारी बाबांची डबल ड्युटी असायची. मी उठायच्या आत ते निघून जायचे, उशिरा यायचे आणि डबा स्वतः घासायचे. एरवी पाण्याचा पेलाही जागेवरून न हलवणारे बाबा बुधवारी नळावर जाऊन राखेने डबा घासायचे. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ती कादंबरी वाचल्यावर आलं.

एका बुधवारी बाबा थकून आले आणि भिंतीला टेकून तसेच झोपले. मी डबा घेऊन नळावर गेलो. वरचा कप्पा उघडला आणि तिरफळाचा वास आला. मी तो कप्पा नाकाशी धरून उभा राहिलो. तिरफळ. आमच्या घरात नाही, आईच्या हातचं नाही. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातचं. माझ्या अंगावर काटा आला आणि लाज वाटते सांगायला, त्या काट्यात थोडा आनंदही होता. मी कादंबरीत राहायला गेलो होतो.

मग मी बाबांवर नजर ठेवू लागलो. बुधवारच्या शर्टाला एक विचित्र वास यायचा, गॅसचा, तेलाचा. कंपनीतून येताना असा वास यायचा नाही. चपलांच्या तळाला काळा चिकट चिखल असायचा. एका बुधवारी ते छत्री विसरून आले आणि पुढच्या बुधवारी घेऊन आले. छत्री! माझ्या कादंबरीतही छत्रीच होती. शेवटी मी एका बुधवारी कॉलेज बुडवून कांजूरमार्गला गेलो. गेटवर दुसरा वॉचमन होता. त्याला म्हटलं, सावंतांचा मुलगा आहे, घरचा निरोप आहे. तो म्हणाला, "सावंत? बुधवारी त्याची सुट्टी असते ना यार. इतकी वर्षं बुधवारच घेतो तो. घरी नाय काय?"

मी परत कसा आलो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मला आईची कीव आली. ती बिचारी टिकल्या चिकटवतेय आणि तिला माहीत नाही. डबा मी घासतो आणि बुधवारी बाबा घासतात, म्हणून तिला वासही आला नाही. तिला कळायला हवं, असं मला वाटलं. पण हे तोंडाने सांगायचं कसं? त्या वयात आईशी असलं बोलायची हिंमत नव्हती. आणि मग मला ती युक्ती सुचली. तेव्हा तिचा मला फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाचायला बसलो. बायको कपाट आवरते आहे, असं प्रकरण होतं. मी वाचत गेलो आणि एका परिच्छेदाच्या शेवटी, पानावरची नजर न काढता, आवाज तोच ठेवून म्हणालो: "त्या बुधवारी त्याचा डबा उघडला आणि तिला तिरफळाचा वास आला. तिरफळ तर तिच्या घरात कधीच येत नव्हतं. मग हे कालवण कुणाच्या हातचं होतं?"

मला वाटलं होतं, आई दचकेल. ती दचकली नाही. तिचं बोट टिकलीवर होतं, ते तिथेच राहिलं.

"थांब थांब," कांबळेमावशी म्हणाल्या. त्या सोलापूरकडच्या, आमच्या शेजारी राहायला येईपर्यंत त्यांनी तिरफळ बघितलंही नव्हतं. "त्या पेठेतल्या घरात तिरफळ कुठनं आलं रं? ती लोकं मासं खातात व्हय?"

माझे कान तापलेले. ही चूक मी केली होती. पुण्यातल्या त्या सोवळ्या स्वयंपाकघरात मी मालवणी बांगडा शिजवला होता. दुसरा कुठलाही वास चालला असता, पण मला खरा वास घालायचा होता.

"तसंच आहे पुस्तकात," मी म्हणालो.

"बुधवार पण पुस्तकात हाय?" पलीकडची एक जण म्हणाली आणि हसली. मग दुसरी हसली. आणि मग पहिली, पाकीट खाली ठेवून, आईकडे वळून म्हणाली, "अय्या वहिनी, भावोजींची पण बुधवारीच डबल ड्युटी असते ना हो?"

ही थट्टा होती. पण थट्टा करून झाल्यावर ती बाई आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, उत्तराची वाट बघत, आणि त्या बघण्यात थट्टा नव्हती. सगळ्यांचीच कामं थांबली. कांबळेमावशींनी आईकडे पाहिलं. आईने त्यांच्याकडे पाहून अगदी थोडी मान हलवली, नको अशी. ते मी पाहिलं आणि मला त्याचा अर्थ कळला नाही. मी आपला माझाच अर्थ लावला: म्हणजे आईला माहीत आहे आणि मावशींनाही. कादंबरीतल्यासारखंच.

"पुढे वाच," आई म्हणाली.

मी पुढे वाचलं. काय वाचलं ते माहीत नाही.

संध्याकाळी ती बातमी नळावर पोचली. चाळीत अशी बातमी चालत नाही, ती पाण्याबरोबर वाहते. दोन दिवसांनी बाबा अंघोळीचं पाणी भरायला गेले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "काय सावंत, बुधवार पावला की नाय?" आणि सगळे खदखदून हसले. बाबा बादली घेऊन घरात आले. घरात आम्ही तिघं. आई घरी मालवणी बोलायची, गॅलरीत सगळ्यांना कळेल असं मराठी. बाबांनी विचारलं, "काय झाला गो? लोका हसतत कित्याक?"

"काय नाय," आई म्हणाली. "झिलान कादंबरी वाचल्यान."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "बरी होती काय?"

मंगळवारी संध्याकाळी आईने मला बोलावलं. तिने ती कादंबरी मागून घेतली, कपाटाचं प्रकरण काढलं आणि बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावत वाचायची. मी समोर उभा. वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटलं. नाही म्हणाली नाही, खोटं बोललास म्हणाली नाही. "उद्या कॉलेजात जाव नको," म्हणाली. "बाबांवांगडा जा. डबो तू घे."

पहाटे मला कांबळेमावशींच्या घरातून वास आला. आई त्यांच्या स्टोव्हवर, आमच्या पातेल्यातून काढून नेलेल्या कालवणात, तिरफळं ठेचून घालत होती. मावशी बाजूला भाकरी थापत होत्या. मला दारात बघून म्हणाल्या, "या, लेखक!" त्यांच्या तोंडून इतका कडू शब्द मी पुन्हा कधी ऐकला नाही. आईने डबा बंद केला आणि माझ्या हातात दिला. खालचे दोन कप्पे, बाबांचे, तिने आमच्या घरी आधीच भरले होते. दर बुधवारी वरच्या कप्प्यात दुसऱ्या कुणासाठी जेवण असायचं, एवढं मला कळलं आणि तरीही, इतकं दिसत असूनही, मी संशय सोडला नव्हता. मला वाटत होतं, आई सवतीला डबा पाठवते! कादंबऱ्यांनी माझी अशी दशा केली होती.

चेंबूरला बस बदलताना बाबा बोलले. थोडंच बोलले, पण त्यांच्या मानाने पुष्कळ. आईला एक धाकटा भाऊ होता, वसंत. मला तो अंधुक आठवत होता, खांद्यावर घेऊन गणपती दाखवणारा कुणीतरी. तो गावी गेला असं मला सांगितलेलं. बाबा आणि तो एकाच गिरणीत. संप झाला तेव्हा बाबा बाहेर राहिले आणि वसंतमामा मागच्या दाराने कामावर गेला. आमच्या घरात तेव्हा पेज शिजत होती. आईने देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, की ह्या माणसाचं तोंड बघणार नाही आणि त्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. आमच्याकडे नारळ ठेवून बोललेला शब्द मागे घेत नाहीत.

"तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं.

"इलो. मगे गेलो," बाबा म्हणाले. "माझो राग तो, जातलो. तिणा नारळ ठेवल्यान, तिचो कसो जातलो?"

मामा आजारी आहे हे बाबांना गिरणीतल्या एका जुन्या माणसाकडून कळलं. ते बघायला गेले. परत आले आणि आईला म्हणाले, बुधवारी डबल ड्युटी आहे, डबा जास्त भर. आईने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. बुधवारी वरच्या कप्प्यात बांगड्याचं कालवण होतं, तिरफळ घातलेलं, जे बाबा खाणं शक्य नव्हतं. एवढ्यावरच त्यांचं बोलणं झालं. पुन्हा कधी त्यांनी त्या गोष्टीचा उच्चार केला नाही. उच्चार केला असता तर शपथ मोडली असती. डबा भरल्याने मोडत नव्हती. बाबा डबा स्वतः घासायचे ते मला वास येऊ नये म्हणून. मी विचारलं असतं आणि आईला बोलावं लागलं असतं. आणि मी तर चारचौघींत, तिच्यासमोर, पुस्तक हातात धरून विचारलं होतं. नवऱ्यावरचा डाग पुसायचा तर भावाचं नाव घ्यायला हवं होतं. ती गप्प राहिली. बाबांनीही चाळीत कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते नाव तिच्या कानावर पडलं असतं आणि कुणीतरी तिला विचारलंच असतं.

माहुलला उतरल्यावर शर्टाचा तो वास मला हवेतच मिळाला. तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांच्या टाक्या, वर जळणारी ज्योत, खाली कोळ्यांची जुनी घरं आणि खाडीचा काळा चिखल. चपलेचा चिखल. एका घराच्या मागच्या खोलीत मामा खाटेवर बसला होता. त्याचा श्वास ऐकू यायचा. कोपऱ्यात छत्री ठेवायला खिळा होता. बाबांनी सवयीने छत्री तिथे अडकवली. मी त्या खिळ्याकडे बघत राहिलो.

मामाने मला ओळखलं नाही, मग ओळखलं. "झिला, केवढो झालंस रे!" त्याने डबा उघडला आणि आधी नुसता वास घेतला. डोळे मिटून, मी नळावर घेतला होता तसाच. मग सावकाश जेवला. माझ्या पिशवीतलं पुस्तक बघून म्हणाला, "काय ता? वाच मरे थोडा. हय माका कोण वाचून दाखवता?" मी त्या कादंबरीतलं एक प्रकरण वाचलं, छापलंय तसं, एक अक्षर इकडेतिकडे न करता. तो लक्ष देऊन ऐकत होता. "बाईल सगळा जाणता आणि बोलणा नाय," तो म्हणाला. "बरा लिवल्यान."

बाबा डबा नुसता विसळायला बाहेर गेले. मामा माझ्याकडे वाकला. त्याने हळूच विचारलं, "बायन माझा नाव काढल्यान कधी?"

बाय म्हणजे आई. मला आता कळतं की एका खऱ्या वाक्याला तिथे काही अर्थ नव्हता. पण त्या आठवड्यात मी स्वतःशी ठरवलं होतं, पुन्हा कधी पदरचं काही जोडायचं नाही. जे आहे तेच बोलायचं. मी म्हणालो, "नाही."

"हां," मामा म्हणाला. "नारळ ठेवल्यान ना." आणि हसल्यासारखं करून खाटेवर आडवा झाला.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. निरोप आला तेव्हा आई गॅलरीत होती. बाबा दारात उभे राहिले, बोलले काहीच नाहीत. आई उठली, भर दुपारी डोक्यावरून पाणी घेतलं आणि तीन दिवस ना देवाला हात लावला ना टिकल्यांना. बायकांनी विचारलं तर म्हणाली, बरं वाटत नाही. कांबळेमावशी त्या दिवसांत आमच्याकडे भाकरी आणून ठेवायच्या. माझ्याशी बोलायच्या नाहीत.

बाबांना चाळीत शेवटपर्यंत 'बुधवारचे सावंत' म्हणायचे. आधी थट्टेने, मग सवयीने. नव्या पिढीला तर कशावरून ते माहीतही नव्हतं. हाक आली की बाबा ओ द्यायचे. त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांपैकी एक जण दुसऱ्याला सांगत होता, "बुधवारवाले सावंत गेले." ते मी ऐकलं आणि आपलं एक वाक्य बाबांनी आयुष्यभर अंगावर वागवलं, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

मी वाचन सोडलं नाही. सोडलं असतं तर प्रायश्चित्त झालं असतं, पण तेवढा चांगला माणूस मी नाही. आजही नवी कादंबरी आली की मी ती पहिल्या आठवड्यात विकत घेतो. आजचे काही लेखक मला आमच्या वेळच्या लेखकांपेक्षा सरस वाटतात; ऑफिसात, सोसायटीत भेटेल त्याला मी त्यांच्याबद्दल सांगत सुटतो आणि लोक मला टाळतात. पण वाचताना एक संशय माझी पाठ सोडत नाही. एखादा तपशील फार खरा उतरला की मला तो कुणाच्या घरातून उचलून आणला असेल, याचीच काळजी वाटते. त्या घरात ते वाक्य कुणी मोठ्याने वाचलं असेल का? कुणाचं बोट टिकलीवर थांबलं असेल?

आई आता माझ्याकडे मुलुंडला असते. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, कान मात्र तिखट. दुपारी तिला वाचून दाखवतो. इतक्या वर्षांनी पुन्हा सुरू झालं, तिनेच एक दिवस म्हटलं, "वाच काय नवीन असला तर." मी वाचायला बसलो की मध्येच ती विचारते, "ह्या पुस्तकात आसा?" मी म्हणतो, आहे. ती हुं करते, पण विश्वास ठेवत नाही. कधी कधी माझ्याकडून पुस्तक घेऊन पान डोळ्यांजवळ नेते, दिसत नसूनही.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एक नवी कादंबरी वाचत होतो. भावाबहिणींची होती, शेतीवरून तुटलेल्या. आजारी भाऊ खाटेवर आहे, भेटायला भाचा येतो. मी वाचत होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवलं नव्हतं, निदान असं मला वाटतं. "भावाने हळूच विचारलं, तिने माझं नाव काढलं का कधी?"

आईचा हात जपमाळेवर होता. तो थांबला.

"ह्या पुस्तकात नाय," ती म्हणाली.

"नाही."

बाहेर लिफ्टचं दार वाजलं. कुणीतरी वरच्या मजल्यावर गेलं. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती, जशी ती गॅलरीत बसायची.

"वसंतान विचारल्यान?"

ते नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. मी हो म्हटलं.

"मगे? तू काय सांगितलंस?"

"नाही म्हणालो."

तिने माळ मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता ती मला जे बोलायचं ते बोलेल, जे तिने त्या मंगळवारी संध्याकाळी, पुस्तक मिटल्यावर बोलायला हवं होतं. मी वाट बघत होतो. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो.

"येडो खयचो," ती म्हणाली. मला म्हणाली की त्याला, ते कळलं नाही. "तिरफळा काय आपसून पडत होती डब्यात?"

मग तिने माळ पुन्हा हातात घेतली.

"वाच पुढे. आणि आता पुस्तकातलाच वाच."

मी वाचायला लागलो.